महानगरातल्या बागेत शांतता हवी असेल तर: जागा कशी हेरावी, वेळ कोणती धरावी

शांत बाग सुचवा म्हटलं की लोक भराभर नावं सांगतात, आणि त्यातल्या निम्म्या बागांत रविवारी संध्याकाळी टेकायला बाकही मिळत नाही. सांगणाऱ्याचं चुकलेलं नसतं. तो मंगळवारी सकाळी अकराला तळ्यामागच्या बाकावर बसून आलेला असतो आणि आपण रविवारी मुख्य फाटकातून आत शिरतो. मोठ्या शहरात अख्खी बाग दिवसभर शांत असणं दुर्मीळच. शांत असतो तिचा एखादा भाग, तोही काही तास. म्हणून बागेचं नाव शोधण्यापेक्षा जागा आणि तास शोधले तर हाती काही लागतं. घरी नकाशावर अर्धा तास, मग पाहणीची एक फेरी आणि त्यानंतर नेहमीचं जाणं, असा क्रम ठेवावा.

नेमकं काय नकोय, ते आधी ठरवा

एकाला रहदारीचा आवाज नको असतो, दुसऱ्याला माणसांची वर्दळ, तिसऱ्याला मधेमधे होणारा व्यत्यय. तिन्ही एकदम टळतील अशी जागा शहरात सहसा सापडत नाही, त्यामुळे कशाशी तडजोड चालेल हे आपलं आपल्याला माहीत हवं.

न्यूयॉर्कच्या भर गजबजाटात पेली पार्क नावाची चिमुकली बाग आहे. १९६७ साली ती खुली झाली. जागा जेमतेम ३९० चौरस मीटर, आणि मागच्या भिंतीवरून सुमारे ६ मीटर उंचीवरून पाणी कोसळत असतं. शेजारच्या खुर्चीवर अनोळखी माणूस असतो, पण पाण्याच्या एकसुरी आवाजात रस्ता बुडून जातो. वाचत बसणाऱ्याला ही जागा उत्तम, पक्षी ऐकायला आलेल्याला निरुपयोगी. लंडनच्या क्यू उद्यानाचं उलट आहे. १७५९ पासूनची ही बाग एवढी मोठी आहे की माणसांपासून दूर कोपरा सहज मिळतो, पण हिथ्रो विमानतळावर उतरणारी विमानं डोक्यावरून जातात. विमानं पश्चिमेकडे तोंड करून उतरत असतात तेव्हा दुपारी ३ वाजता उतरायची धावपट्टी बदलते. त्यामुळे तिथे जायचं तर फुलांच्या बहराबरोबर धावपट्टीचं वेळापत्रकही पाहून जावं.

वाचन, लेखन किंवा नुसतं डोळे मिटून बसणं असेल तर कारंज्याजवळची, थोडी वर्दळीची जागा चालते. पक्षी, गप्पा किंवा चित्र काढणं असेल तर पाण्याचा मोठा आवाज नको. एकांतच हवा असेल तर चालायची तयारी ठेवा, कारण बहुतेक लोक फाटकापासून पाच-सात मिनिटांच्या पुढे जात नाहीत.

नकाशावरची छाननी

उपग्रह चित्र उघडा आणि आधी आकार बघा. समजा, ९ हेक्टरच्या दोन बागा आहेत. एक ३०० बाय ३०० मीटरची चौकोनी, दुसरी ६० बाय १५०० मीटरची लांबट पट्टी. क्षेत्रफळ सारखंच. पण पहिलीत कुठल्याही रस्त्यापासून १५० मीटर आत जाता येतं आणि दुसरीत कितीही चाला, ३० मीटरच्या पलीकडे सरकता येत नाही.

याचा कानावर काय परिणाम होतो ते आकड्यांत पाहू. अखंड वाहत्या रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज फरसबंद जमिनीवरून साधारण ३ डेसिबलने उतरतो, हिरवळीवरून किंवा मऊ मातीवरून सुमारे ४.५ डेसिबलने. रस्त्यापासून १० मीटरवर ७० डेसिबल धरले तर २०, ४०, ८०, १६० अशा चार दुपटींनंतर हिरवळीच्या बागेत तो ५२ च्या आसपास येतो. पट्टीच्या बागेत ३० मीटरवर मात्र तो ६३ च्या घरात राहतो, म्हणजे समोर बसलेल्या माणसाच्या साध्या बोलण्याहूनही किंचित वर. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो. चार बाजूंना चार रस्ते असतील, उतार असेल, इमारती असतील तर हे आकडे हलतील, पण चौकोनी बागेचा मध्य पट्टीपेक्षा शांत, हा क्रम सहसा बदलत नाही.

कडेची झाडं आवाज अडवतात हा समज फार पक्का आहे आणि त्यावर विसंबून अनेक जण रस्त्यालगतचा हिरवा कोपरा निवडतात. प्रत्यक्षात पलीकडचं काही दिसणार नाही इतकी दाट, ३० मीटर रुंद झाडी असली तरी आवाज जेमतेम ५ डेसिबलने उतरतो. झाडांच्या एका रांगेने तर कानाला कळेल असा फरकच पडत नाही. झाडांमुळे रस्ता डोळ्याआड होतो, पानांची सळसळ मिळते, तो फायदा आहेच. आवाज अडवायला मात्र काहीतरी भरीव लागतं: मातीचा बांध, भिंत, इमारत किंवा खोलगट जमीन. कान आणि वाहनं यांच्यामधली सरळ रेषा अशा अडथळ्याने तुटली की लगेच ५ डेसिबल जातात आणि अडथळ्याच्या पुढच्या प्रत्येक मीटर उंचीला आणखी दीडेक डेसिबल.

ही गोष्ट जुन्या रचनाकारांना नीट ठाऊक होती. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांनी १८५८ साली दिला तेव्हा बाग आडवी कापणारे चारही रस्ते त्यांनी जमिनीच्या पातळीखाली उतरवले. लंडनमध्ये सेंट डन्स्टन इन द ईस्ट हे चर्च १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं. त्याच्या उभ्या राहिलेल्या भिंतींच्या आत पुढे बाग केली. शेजारून वाहनांचा मोठा रस्ता जातो, तरी दगडी भिंतींआड बसलं की तो दूर गेल्यासारखा वाटतो. नकाशावर उंच-सखल दाखवणारा थर असतो, तो सुरू करून खोलगट भाग शोधा. रस्त्यापेक्षा तीन-चार मीटर खाली असलेलं तळं दिसलं की त्या जागेवर खूण करून ठेवावी.

मग त्रासाच्या जागा टिपा. बस आगार, अग्निशमन केंद्र, रुग्णालयाचं आपत्कालीन दार, शाळेचं मैदान, रेल्वेचं वळण, मोठ्या इमारतीच्या मागच्या बाजूची वातानुकूलन यंत्रं. ही यंत्रं नकाशावर कुणी दाखवत नाही, उपग्रह चित्रात गच्चीवरच्या चौकोनी पेट्यांवरून ओळखू येतात. विमानांचा मार्ग फ्लाइटरडार२४ या विमानं थेट दाखवणाऱ्या संकेतस्थळावर पाहावा, पण एकदाच पाहून निष्कर्ष काढू नये, कारण वारा फिरला की उतरण्याची दिशा बदलते. युरोपीय संघात १ लाखाहून जास्त वस्तीच्या शहरी भागांचे ध्वनिनकाशे दर ५ वर्षांनी करावे लागतात, २००२ च्या निर्देशानुसार. ते लोकांना पाहता येतात. तुमच्या शहराचा असा नकाशा असेल तर अर्धं काम तिथेच होतं.

शोधताना ‘उद्यान’ एवढ्यावर थांबू नका. वनस्पती उद्यान, वृक्षोद्यान, संग्रहालयामागचं अंगण, विद्यापीठाचं आवार, सरकारी रोपवाटिका, जलाशयाचा काठ आणि जुनी दफनभूमी हेही पाहा. अमेरिकेत बॉस्टनजवळची माउंट ऑबर्न ही दफनभूमी १८३१ साली बागेसारखीच आखली गेली आणि आज पक्षिनिरीक्षक तिथे आवर्जून जातात. अशा ठिकाणी अंत्यविधी चालू असेल तर दुसऱ्या टोकाला निघून जायचं, एवढं भान मात्र हवं. मुद्दाम खेळायला, पळायला किंवा खायला म्हणून या जागांवर कुणी येत नाही, आणि म्हणूनच त्या शांत राहतात.

फाटकावरचे नियम आधीच वाचा

नियमांची पाटी कंटाळवाणी वाटते, पण शांततेचा अंदाज तिच्यावरूनच सगळ्यात चांगला येतो. टोकियोतलं शिंजुकू ग्योएन हे ५८.३ हेक्टरचं उद्यान शहराच्या अत्यंत गजबजलेल्या भागात आहे. तिथे मद्य आणि खेळाचं साहित्य दोन्ही आत नेता येत नाही, आणि प्रवेशाला शुल्क आहे. हिरवळीवर चेंडूच नसेल तर आरडाओरडाही कमी होतो. ‘ध्वनिवर्धक, खेळ, सायकल, कुत्री, व्यावसायिक छायाचित्रण’ या पाच गोष्टींबद्दल पाटी काय म्हणते ते पाहा. तीन किंवा जास्त गोष्टींना मनाई असेल तर बाग पाहणीच्या यादीत घ्यावी.

नियम आवाज कमी करतो, गर्दी नाही, हे विसरू नका. सेंट्रल पार्कमधलं शीप मेडो हे हिरवळीचं मैदान अधिकृत शांत क्षेत्र आहे, आणि उन्हाळ्यातल्या छान शनिवारी तिथे चादरीला चादर लागून लोक पसरलेले असतात.

साप्ताहिक सुट्टी, शेवटच्या प्रवेशाची वेळ आणि बंद होण्याची वेळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटचा प्रवेश बहुतेक वेळा बंद होण्याच्या अर्धा ते एक तास आधी संपतो. आणखी एक हमखास होणारी फसगत म्हणजे मागचं फाटक. नकाशावर ते दिसतं, वाहन तिथेच सोडतं, आणि ते कुलूपबंद असतं. मग मुख्य फाटकापर्यंत कुंपणाच्या कडेकडेने, भर रहदारीतून पाऊणएक किलोमीटर चालावं लागतं. पहिल्या वेळी नेहमी मुख्य फाटकानेच जावं आणि बाकीची फाटकं कधी उघडी असतात ते आतून विचारून घ्यावं.

तास निवडणं

कामाच्या दिवशी सकाळी १० ते १२ आणि दुपारी २ ते ४ या दोन पट्ट्या बहुतेक शहरांत सगळ्यात मोकळ्या मिळतात. सकाळची चालणारी मंडळी गेलेली असतात, शाळा सुटलेली नसते. दुपारी १२ ते २ मध्ये कचेऱ्यांजवळच्या बागा जेवणाच्या सुट्टीने भरतात, वस्तीतल्या बागा मात्र त्याच वेळी रिकाम्या असतात. हंगामात शाळांच्या सहली साधारण १० ते १ मध्ये येतात आणि त्या थेट हरितगृहाकडे किंवा प्राण्यांकडे जातात. फाटकाबाहेर बसगाड्या उभ्या दिसल्या तर त्या बाजूला जाऊच नये.

पहाटेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पहाटे सगळं शांत असेल असं धरून लोक लवकर उठून जातात आणि हिरमुसून परततात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीनंतर जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. अशा थरांत आवाज वर निसटून न जाता खाली वाकतो, आणि एरवी ऐकू न येणारा दूरचा महामार्गही स्पष्ट घुमतो. ऊन चढलं की तासा-दोन तासांत हा थर मोडतो. पक्ष्यांसाठी जायचं असेल तर मात्र पहाटेला पर्याय नाही. सूर्योदयाच्या अर्धा-पाऊण तास आधीपासून त्यांचं गाणं सुरू होतं, आणि ज्या बागा लवकर उघडतात त्यांनाच याचा लाभ मिळतो. १८५९ साली सुरू झालेलं आणि आता जागतिक वारशात असलेलं सिंगापूरचं वनस्पती उद्यान पहाटे ५ ला उघडतं.

वारा कुठून येतोय ते पाहून बागेतली बाजू बदला. वारा रस्त्याकडून आपल्याकडे वाहत असेल तर आवाजही त्याच्याबरोबर येतो. वारा आपल्याकडून रस्त्याकडे असेल तर तोच रस्ता बराच मवाळ वाटतो. रस्ता ओला असला की टायरचा आवाज चढा आणि तीक्ष्ण होतो, म्हणून रिमझिमीत बाग रिकामी मिळाली तरी कडेला बसू नका, मध्यातला मंडप गाठा.

बहराचे दिवस म्हणजे गर्दीचे दिवस. बहर ऐन भरात यायच्या आठवडाभर आधी जावं. निम्मी फुलं उमललेली असतात आणि कॅमेरे अजून यायचे असतात. किंवा त्याच दिवसांत, पण ज्या भागात काहीच फुललेलं नाही तिकडे जावं. गुलाबवाटिका ओसंडत असते तेव्हा बांबूच्या बनात कुणी नसतं.

पाहणीची फेरी

पहिल्या भेटीत बसायच्या तयारीने जाऊ नका. तास-दीड तास हातात ठेवा, बागेच्या कडेने अर्धी फेरी मारा आणि मग आत वळत मध्यापर्यंत या. वाटेत पाच-सहा ठिकाणी तीन-तीन मिनिटं थांबा. डोळे मिटून ऐका आणि लक्ष उडालं की कागदावर एक रेघ मारा: हॉर्न, कुत्रं, फोनवरचं बोलणं, यंत्र, काहीही. तीन मिनिटांत दोन रेघांच्या आत असेल ती जागा ठेवा, सहाच्या वर गेली ती सोडा. मधल्या जागा दुसऱ्या वेळी पुन्हा पाहा.

मोबाईलवर डेसिबल मोजणारी अॅप्स असतात. अमेरिकी सरकारच्या एनआयओएसएच संस्थेचं आयफोनसाठीचं अॅप मोफत आहे आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह आहे. अँड्रॉइड फोनांचे माइक एकमेकांपासून इतके वेगळे असतात की आकडा खरा धरता येत नाही, पण एकाच फोनने दोन जागांची तुलना करायला अडचण नाही. फोनचं कव्हर काढा, माइकवर थेट वारा येऊ देऊ नका, मिनिटभराची सरासरी घ्या. ५० च्या खाली आकडा आला तर शहरासाठी जागा फारच चांगली. तरीही निर्णय रेघांवरच करावा. ५५ डेसिबलचा एकसारखा झरा त्रास देत नाही, ४५ डेसिबलच्या जागी दर मिनिटाला वाजणारा हॉर्न देतो. सरासरीत तो हॉर्न दबून जातो, डोक्यात दबत नाही.

पाहणीतच स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, छप्पर असलेला आडोसा आणि बाहेर पडायची सगळ्यात जवळची वाट पाहून ठेवा. ज्येष्ठ किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला आणायचं असेल तर चढ बघा. २० मीटर चालल्यावर १ मीटर उंची वाढत असेल तर वाट सोसते, १२ ला १ हा चढ छोट्या उताराला ठीक, लांब वाटेला दमवणारा. हात टेकायला कठडे असलेला बाक आणि दोन बाकांमधलं ५० मीटरच्या आसपासचं अंतर, या दोन गोष्टींवर त्यांची भेट सुखाची होणार की नाही हे ठरतं. चाकांसाठी खडीची वाट टाळावी.

बाक निवडताना

चांगल्या बाकाच्या पाठीमागे काहीतरी असतं, भिंत, झुडूप किंवा चढ, आणि समोर मोकळं. पाठ उघडी असेल तर मागून येणाऱ्या प्रत्येक पावलाला मान वळते आणि मन निवांत होत नाही. बाकाला तोंड वाटेकडे असेल तर प्रत्येक येणाऱ्याशी नजरभेट होते, म्हणून वाटेला काटकोनात किंवा पाण्याकडे तोंड असलेला बाक बरा. दोन वाटांच्या चौफुलीपासून, खेळण्यांपासून, स्वच्छतागृहापासून आणि खाद्यपदार्थांच्या टपरीपासून ४०-५० मीटर तरी दूर राहा. बाकाभोवतीची जमीन नीट पाहा. सिगारेटची थोटकं, वेफर्सच्या पिशव्या, चपलांनी घासून गुळगुळीत झालेली माती दिसली तर दुपारी रिकामा वाटणारा हा बाक संध्याकाळी कुणाचा तरी ठरलेला अड्डा आहे. फटींत शेवाळ आणि बैठकीवर वाळकी पानं साचलेला बाक म्हणजे बसणारे थोडे. त्यावर फडकं मारून बसावं. फक्त पांढरे ठिपके दाट असतील तर वर पाखरांची रात्रवस्ती आहे, तो सोडून द्यावा.

सावलीचा हिशेब सोपा आहे. सूर्य पश्चिमेकडे सरकतो तशी सावली पूर्वेकडे सरकते. दोन तास बसायचं असेल तर सावलीच्या पूर्वेकडच्या कडेला बसा. सावली हळूहळू अंगावरून पुढे जाते आणि उठावं लागत नाही. बरेच जण पश्चिमेकडच्या गर्द भागात बसतात आणि पाऊण तासात उन्हात येतात.

एकट्याने जाणाऱ्याने, विशेषतः बाईने, शांत आणि निर्जन यांच्यात फरक करावा. माळी किंवा रखवालदार अधूनमधून दिसतो, दोन बाजूंनी बाहेर पडता येतं आणि ५० मीटरवरून आपण कुणाला तरी दिसतो, अशी जागा धरावी. एकच तोंड असलेली, उंच झुडपांनी बंद झालेली खोप कितीही सुंदर असली तरी सोडावी.

बरोबर काय न्यावं, किती बसावं

बसायला पातळ चटई किंवा जुनं वर्तमानपत्र, पाणी, टोपी, ओली झाली तरी चालेल अशी पिशवी, कचऱ्यासाठी आणखी एक पिशवी आणि डास असतील तर मलम. सगळं मिळून दोन-अडीच किलोच्या आत ठेवा. ओझं झालं की माणूस पहिल्याच बाकावर बसतो, आणि पहिला बाक फाटकाजवळ असतो.

बसल्यावर निदान वीस मिनिटं हलू नका. आपण आलो की पक्षी आणि खारी दबकतात आणि त्या पुन्हा आपापल्या कामाला लागायला वेळ लागतो. नवे लोक बरोबर याच्या थोडं आधी उठतात. इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांत आपली तब्येत चांगली आहे, आपण समाधानी आहोत असं सांगणाऱ्यांचं प्रमाण अधिक दिसलं. तो वेळ एकदम घालवला की तुकड्यांत, याने फरक पडला नाही. बागेमुळेच तब्येत सुधारते असं यावरून सिद्ध होत नाही, तरी आठवड्यातून चाळीस मिनिटांच्या तीन बैठका हे जमण्याजोगं माप आहे.

आपण स्वतः गोंगाट होऊ नये यासाठी दोन-तीन जणांहून मोठा गट नेऊ नये. चौथा माणूस आला की बोलण्याची पट्टी चढतेच. फोनचा स्पीकर बंद, कॅमेऱ्याचा खटका बंद.

शहराबाहेरच्या बागा

इथे बागेपेक्षा परतीची जुळवाजुळव मोठी. शेवटची गाडी किती वाजता आहे ते नाही, शेवटून दुसरी किती वाजता आहे ते पाहून निघा. जाण्या-येण्याचा वेळ बसण्याच्या वेळेपेक्षा जास्त होत असेल तर महिन्यातून एकदा पुरे. बाहेरच्या बागेत सहसा उपाहारगृह एकच असतं आणि सगळी गर्दी त्याच्याभोवतीच, तेव्हा खाणं बरोबर न्या आणि उलट दिशेला चालू लागा.

काय बिघडतं आणि का

बसलो आणि पानं उडवायचं यंत्र सुरू झालं, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. सुट्टीच्या गर्दीनंतरची झाडलोट बहुतेक ठिकाणी सोमवारी सकाळी होते आणि हिरवळ कापायचे दिवसही ठरलेले असतात. माळ्याला विचारलं तर तो वार सांगतो. तो वार टाळावा किंवा काम कुठून कुठे सरकतं ते विचारून मागच्या, झालेल्या भागात बसावं. पाणी फवारण्याच्या वेळाही त्यालाच विचाराव्या.

डासांच्या दोन पाळ्या असतात. डेंग्यू पसरवणारे एडीस डास दिवसा, सावलीत चावतात. सकाळी आणि सूर्यास्ताआधी त्यांचा जोर असतो. इतर जाती तिन्हीसांजेनंतर सुरू होतात. साचलेलं पाणी, झाडाची ढोली, टाकून दिलेली कुंडी यांच्यापासून दूर आणि थोड्या वाऱ्यावर बसावं. पूर्ण बाह्या आणि २० ते ३० टक्के डीट (डास दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम काही तास पुरतं. थंड प्रदेशांत उंच गवतात गोचीड असते, तिथे पायमोजे विजारीवर चढवून वाटेनेच चालावं आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत तपासावं.

गडगडाट ऐकू आला की उठावं. वीज दिसणं आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल तर पक्क्या इमारतीत जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नये. एकटं उंच झाड आणि उघडा मंडप हे आडोसे नव्हेत. वादळानंतर दोन-तीन दिवस जुन्या, जड फांद्यांखाली बसू नये, कारण तडकलेली फांदी वारा नसतानाही सुटते.

पोळं दिसलं तर त्याच्याखालून धूर, उग्र सुगंध आणि घाई तिन्ही टाळून निघून जावं. बदकांना पाव टाकू नये. तो त्यांना पोसत नाही, उरलेला पाण्यात कुजतो आणि खाण्याच्या आशेने जमलेल्या थव्याच्या कलकलाटाने ती बाजूच बसण्यालायक राहत नाही.

एखाद्या जागेची शांतता कायमची बिघडत असेल, ध्वनिवर्धक लागत असेल, पंप खडखडत असेल, तर उद्यान विभागाला लेखी कळवा. ‘फार आवाज असतो’ अशा तक्रारीवर काही होत नाही. तारीख, वार, वेळ, जागेची खूण, आवाज कशाचा आणि किती वेळ, असे चार-पाच दिवसांचे टिपण द्या आणि मागणी एकच, करता येण्याजोगी ठेवा: पानं उडवायचं यंत्र सकाळी ९ च्या आधी वापरावं, किंवा तळ्याकाठचा ध्वनिवर्धक दुसऱ्या खांबावर हलवावा. बागेत नेहमी येणाऱ्या आणखी चार-सहा जणांच्या सह्या असतील तर उत्तर लवकर येतं. ते येईपर्यंत पाहणीच्या कागदावरची दुसरी, मधल्या रेघांची जागा वेगळ्या वेळी तपासून घ्यावी.